हिरव्या प्रकाशाची साक्ष : एका रंगद्रव्याचा नदीपासून पेशीपर्यंतचा प्रवास

१/ जिवंत पेशीत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. त्याला रंग नाही आणि ते फार काळ टिकतही नाही. मग ते पाहावे कसे? या प्रश्नाचे उत्तर ज्या रंगद्रव्याच्या कुळातून आले, त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ १८७१ : जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी फ्लुओरेसीन तयार केले. निळा प्रकाश शोषून हिरवा प्रकाश देणारे हे द्रव्य अत्यल्प मात्रेतही डोळ्यांना दिसते.

३/ १८७७ : डॅन्यूबचे पाणी इमेंडिंगेनजवळ भूमीत लुप्त होत असे. आडोल्फ क्नोप यांनी तेथे १० किलो रंग सोडला. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरील आखचा झरा हिरवा झाला. डॅन्यूबचे पाणी भूमीखालून ऱ्हाइनच्या खोऱ्यात जाते, हे सिद्ध झाले.

४/ पेशीसाठी मात्र सदैव चमकणारा रंग निरुपयोगी होता. अभिक्रियेनंतरच उजळणारा हवा होता. १९६५ मध्ये केस्टन आणि ब्रँट यांनी डायक्लोरोफ्लुओरेसीनचे क्षपित, निस्तेज रूप वापरले. पेरॉक्सिडेज विकराच्या साहाय्याने पेरॉक्साइड त्याला उजळवत असे.

५/ पुढचा अडसर पेशीपटलाचा. रेणूला दोन ॲसिटेट गट जोडले, की तो पटल ओलांडतो. आतील विकरे ते गट तोडतात आणि रेणू आतच अडकतो. १९८३ मध्ये या युक्तीने न्यूट्रोफिल पेशींतील ऑक्सिडकांचे मापन झाले.

६/ न्यूट्रोफिल याच ऑक्सिडकांनी जंतू मारतात. जन्मतः ही क्षमता नसलेली मुले वारंवार गंभीर संसर्गांना बळी पडतात. आज त्यांचे निदान याच कुळातील डायहायड्रोरोडामाइन १२३ या रंगाने होते : पेशी उजळली नाही, तर आजाराची शंका बळावते.

७/ पण साक्षीदार निर्दोष नव्हता. १९६५ चा रंग पेरॉक्साइडशी थेट अभिक्रिया करत नाही. त्याला लोह किंवा विकर लागते, आणि इतर ऑक्सिडकही त्याला उजळवतात. शिवाय अभिक्रियेच्या ओघात तो स्वतःच नवे पेरॉक्साइड निर्माण करू शकतो. तरीही असंख्य प्रयोगांत त्याची चमक म्हणजेच पेरॉक्साइडचे प्रमाण, असे मानले गेले.

८/ २००४ मध्ये बर्कलेच्या क्रिस्टोफर चँग यांच्या गटाने बोरॉनयुक्त शोधक वापरला. पेरॉक्साइड त्यातील कार्बन-बोरॉन बंध तोडते, तेव्हाच तो उजळतो. पुढे पेरॉक्सिनायट्राइटही तो बंध तोडते, आणि तेही अधिक वेगाने, असे आढळले.

९/ २०२२ मध्ये या क्षेत्रातील तज्ज्ञांनी एकत्रितपणे मापनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. नेमका कोणता रेणू मोजला, हे सांगा. केवळ एका रंगावर विसंबू नका, हा त्यांचा आग्रह. क्नोपना झऱ्यातील रंग कोणी सोडला हे ठाऊक होते. पेशीत हिरवा प्रकाश दिसला, तरी तो कोणी पेटवला हे वेगळे सिद्ध करावेच लागते.