एम्सची तार

मालकाशी वाटाघाटी करताना आम्ही कामगार एक गोष्ट शिकलो: खोटे लिहावे लागत नाही, खरे कापले तरी भागते. १३ जुलै १८७० रोजी एम्स येथे फ्रेंच वकील बेनेदेत्ती याने, आपल्या घराण्यातील कोणी स्पेनच्या गादीवर बसणार नाही, अशी कायमची हमी प्रशियाच्या राजाकडे मागितली. राजाने ती नाकारली. पुन्हा भेट का नको, याचे कारणही तारेत होते. बिस्मार्कने नेमके तेच गाळून तार छापविली. नकाराचा अपमान झाला. युद्ध हवे असणारे दोन्हीकडे होतेच. त्यांना निमित्त मिळाले. १९ जुलैला फ्रान्सने युद्ध पुकारले. दोनच दिवसांनी युद्धकर्जाच्या मतदानात लाकूड कातणारा कारागीर बेबेल आणि लिब्क्नेख्ट तटस्थ राहिले. श्रोतेहो, युद्धाची हाळी आली की आपण आधी मूळ कागद मागू या. गाळलेल्या ओळींची किंमत अखेर आपलीच पोरे भरतात.