खिळ्यांची शाळा

महाराष्ट्रात मुद्रणाची अक्षरे घडविण्याची विद्या ज्यांनी रुजविली, त्यांपैकी बहुतेकांना ती शिकविणारा कोणी भेटला नव्हता, आणि ज्यांना भेटला त्यांनाही ती ग्रंथांतून नव्हे, तर खिळे (म्हणजे सुट्या अक्षरांचे शिशाचे ठोकळे) घासता घासता, जुळविता जुळविता आणि प्रसंगी मोडता मोडता शिकावी लागली, ही गोष्ट आपल्या मुद्रणाच्या इतिहासात पुरेशा ठसठशीतपणे नोंदलेली दिसत नाही. आपण संस्थापकांची चरित्रे लिहितो, पहिल्या पुस्तकाची तिथी शोधतो, पहिले वर्तमानपत्र कोणते याविषयी हिरिरीने वाद घालतो. परंतु देवनागरी अक्षर शिशात ओतू पाहणाऱ्या नवशिक्यापुढे नेमका कोणता पेच उभा राहत होता आणि एकेका पिढीने त्याची तोड कशी काढली, हा या इतिहासाचा गाभा मात्र बाजूलाच राहतो.

हा पेच मुळात गणिताचा आहे. रोमन लिपीची अक्षरे एकमेकांना न चिकटता एका ओळीत शेजारी शेजारी उभी राहतात, त्यामुळे लहान-मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे मिळून दीडशेच्या आसपास खिळे असले की इंग्रजी जुळाऱ्याचे काम भागते; आपली लिपी मात्र शिरोरेखेखाली लोंबते, वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार वाहते, खाली उकार व ऋकार बाळगते आणि जोडाक्षरांत तर मूळ अक्षराचा आकारच पालटून टाकते. प्रत्येक संयोगासाठी स्वतंत्र खिळा ओतावा, तर संख्या शेकड्यांनी वाढते. न ओतावा, तर तुकडे जोडताना सांधे उघडे पडतात. गोव्यात १५५६ साली मुद्रणयंत्र येऊन पोचले होते, तरीही ‘क्रिस्तपुराण’ रचणाऱ्या फादर टॉमस स्टीफन्स यांचा ग्रंथ १६१६ साली रोमन लिपीतच छापला गेला, याचे एक मोठे कारण हेच होय. १६०८ च्या डिसेंबरात आपल्या जेझुइट संघाच्या प्रमुखास लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी या देशाच्या भाषेत आणि लिपीत पुस्तके छापली जावीत ही आपली जुनी इच्छा प्रकट करून, युरोपातल्या चोवीस अक्षरांच्या जागी येथे सुमारे सहाशे साचे लागतील, ही अडचण स्पष्टपणे मांडली आहे. मराठीच्या मुद्राक्षरांविषयी इतके नेमके बोलणारा हा बहुधा पहिलाच मनुष्य, आणि तो परदेशी असावा हे चमत्कारिक असले तरी अस्वाभाविक नाही. घरच्या लिपीचा भार घरच्यांना जाणवत नाही.

स्टीफन्सनंतर साठेक वर्षांनी सुरतेत भीमजी पारेख या ईस्ट इंडिया कंपनीच्या दलालाने हाच प्रश्न व्यापाऱ्याच्या धिटाईने हाती घेतला. आपल्या जुन्या ग्रंथांचे मुद्रण व्हावे, या हेतूने त्याने विलायतेहून मुद्रक मागविला. १६७४ साली हेन्री हिल्स नामक मुद्रक यंत्रसामग्रीसह येऊनही दाखल झाला. पण त्या गृहस्थास छापता येई, अक्षरे कोरता येत नसत! भीमजीने हार न मानता आपल्याच माणसांकडून ठसे करवून घेतले, त्यांतले काही नमुने बरे उतरल्याचा उल्लेख सुरतेच्या वखारीच्या पत्रव्यवहारात सापडतो. तथापि तो उद्योग पुढे टिकला नाही. यंत्र चालविणे हे एक कसब आणि अक्षर घडविणे हे दुसरे, हा धडा त्या व्यापाऱ्याने स्वतःच्या पदरचा पैसा खर्चून घेतला.

पुढचा अध्याय बंगालमध्ये घडला आणि तो सर्वश्रुत असल्यामुळे येथे विस्ताराचे प्रयोजन नाही. चार्ल्स विल्किन्सने हुगळीस १७७८ साली हॅल्हेडच्या बंगाली भाषेच्या व्याकरणासाठी बंगाली खिळे सिद्ध केले. त्याच्या हाताखाली तयार झालेला पंचानन कर्मकार पुढे श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात गेला आणि तेथे त्याने व त्याचा जावई मनोहर याने अनेक लिप्यांचे ठसे कोरले. विल्यम केरीचे मराठी व्याकरण तेथूनच १८०५ साली देवनागरीत प्रसिद्ध झाले आणि १८१० साली त्याचा मराठी कोश मोडी खिळ्यांत छापला गेला. मोडीचे खिळे पाडले गेले, ही गोष्ट आज पुष्कळांच्या ऐकिवातही नसते. कारकुनाच्या बोरूतून एका दमात वाहणारी, दप्तरांची आणि रोजकीर्दींची ती लिपी शिशाच्या सुट्या तुकड्यांत बसविणे म्हणजे तिचा वेगच काढून घेणे होते. वेग हेच जिचे प्रयोजन, तिला मुद्रणात मुक्काम करण्याचे कारण उरले नाही, आणि छापील मराठीची मक्तेदारी बाळबोधाकडे, म्हणजे देवनागरीकडे, गेली.

त्याच १८०५ साली मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. ती कारागिरी निःसंशय नामी होती. पण कोरलेल्या पत्र्यातले अक्षर दुसऱ्या पुस्तकाच्या कामी येत नाही, आणि सुट्या खिळ्याचे सारे सामर्थ्य तर त्याच्या या पुनरुपयोगातच असते.

मुंबईत अमेरिकन मिशनने आपला छापखाना १८१६-१७ च्या सुमारास उभारला तेव्हा नागरी खिळे कलकत्त्याहून आणावे लागले होते. पुढे त्याच छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम या कारागिराने मराठी अक्षरांचे नवे, अधिक लहान आणि अधिक सुबक ठसे पाडले, आणि मुंबईच्या अक्षरघडणीची परंपरा खऱ्या अर्थाने तेथून सुरू झाली. या परंपरेत खिळे जुळविण्याच्या दोन रीती रूढ झाल्या. ‘अखंड’ रीतीत अक्षर आपल्या मात्रा-उकारांसह पूर्ण उंचीच्या एकाच खिळ्यावर ओतीत. ‘डिग्री’ रीतीत मधला अक्षरांचा थर, वरचा मात्रांचा आणि खालचा उकारांचा असे तीन थर वेगवेगळ्या खिळ्यांनी रचून ओळ उभी करीत. पहिलीत जुळणी सोपी पण खिळ्यांची संख्या मोठी, दुसरीत खिळे कमी पण जुळाऱ्याच्या सहनशीलतेची कसोटी. म्हणजे स्टीफन्सच्या गणितातला भार नाहीसा झाला नव्हता, तो ओतशाळेतून उचलून जुळाऱ्याच्या हातावर ठेवला गेला होता, इतकेच.

याच अमेरिकन छापखान्यातील यंत्र पाहून गणपत कृष्णाजी या भंडारी समाजातील गृहस्थाला छपाईचा छंद जडला. त्याने लाकडी यंत्र करवून घेतले, लहानसा दगड मिळविला, शाई स्वतः घोटली, आणि १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात या उद्योगी पुरुषाची कथा आदराने सांगितली आहे. शाईत प्राण्यांची चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पोथीला शिवत ना, तेव्हा गणपत कृष्णाजीने तुपाची शाई केली असे सांगतात. पुढे तो खिळ्यांच्या मुद्रणाकडे वळला आणि त्याच्या छापखान्यातील ग्रंथांची शुद्धता व रेखीवपणा यांची त्या काळी वाहवा झाली. दगडावर अक्षर उमटते ते लेखनिकाच्या हातचे. खिळ्यात ते कोणाचेच नसते, ते नव्याने ठरवावे लागते, आणि गणपत कृष्णाजीने एकाच हयातीत दोन्ही रीती आत्मसात केल्या, हे त्याचे मोठेपण मला त्या तुपाच्या शाईपेक्षा अधिक वाटते.

पण या शाळेचा सर्वांत नामांकित विद्यार्थी म्हणजे जावजी दादाजी चौधरी. १८३९ साली जन्मलेला हा निर्धन कुटुंबातील मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपये तनख्यावर लागला, आणि त्याला नेमून दिलेले काम होते खिळे घासण्याचे. साच्यातून निघालेल्या खिळ्याच्या अंगाला जे जादा शिसे चिकटून राहते ते घासून काढायचे, चारही बाजू अशा सपाट करायच्या की शेजारचा खिळा त्याला फट न ठेवता भिडेल, आणि हे करताना अक्षराच्या तोंडाला धक्का लागू द्यायचा नाही, एवढेच ते काम. परंतु ज्याच्या बोटांखालून असे हजारो खिळे गेले, त्याला अक्षराची रुंदी, दोन अक्षरांमधील अवकाश आणि शिरोरेखेची सलगता यांविषयी जे कळले असेल ते कोणत्याही अध्यापकाच्या व्याख्यानाने कळणे कठीण. पुढे ‘इंदुप्रकाश’सारख्या छापखान्यांतून अनुभव घेऊन जावजींनी १८६४ साली स्वतःची ओतशाळा काढली, आणि १८६९ साली ‘निर्णयसागर’ छापखाना सुरू केला. ठसे कोरण्यात निष्णात असा राणोजी रावजी आरू हा त्यांचा सोबती. निर्णयसागरच्या अक्षरांचे जे वळण आज आपण वाखाणतो त्यात आरूंच्या पोलादी कलमाचा वाटा जावजींच्या कर्तृत्वापेक्षा लवमात्र कमी नाही, आणि तरी त्याचे नाव मुद्रणव्यवसायाबाहेर फारसे कोणी घेत नाही.

निर्णयसागरने आपला लौकिक संस्कृत ग्रंथांवर मिळविला. मूळ श्लोक मोठ्या अक्षरात, टीका लहान अक्षरात, पाठभेद त्याहून बारीक, आणि सर्वत्र जोडाक्षरांची दाटी, अशा पृष्ठात जे अक्षर गढूळ होत नाही ते कोठेही होणार नाही. १८८६ पासून निघालेली ‘काव्यमाला’ ही संस्कृत ग्रंथांची मालिका मुंबईच्या कोलभाट गल्लीतून निघून काशीच्या पंडितांपर्यंत आणि युरोपातील प्राच्यविद्यापंडितांपर्यंत पोचली. १८९२ साली जावजी निवर्तले तेव्हा मुंबईचे नागरी अक्षर हिंदुस्थानभर प्रमाण म्हणून मानले जाऊ लागले होते.

खुद्द जुळाऱ्याचे शिक्षण कसे होई, हेही येथे सांगितले पाहिजे, कारण मुद्राक्षरविद्येची मूलतत्त्वे म्हणून आज जी सांगितली जातात ती सगळी त्यात येऊन जात. नवा उमेदवार प्रथम केस पाठ करी. कोणता खिळा कोणत्या खणात, हे बोटांना पाठ होईपर्यंत त्याला मजकुराला हात लावू देत नसत, आणि छापून झालेल्या फर्म्यातील खिळे सोडवून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकणे हाच त्याचा पहिला स्वाध्याय असे. मग स्टिक डाव्या हातात येई. तीत ओळ डावीकडून उजवीकडेच भरत जाते, पण अक्षरे डोक्यावर उभी आणि आरशातल्यासारखी असतात. शिरोरेखा खाली, उकार वर, अशा उलट्या मराठीचे वाचन त्याला सुलट्याइतके सहज साधावे लागे. खिळ्याच्या अंगावरची खाच अंगठ्याला लागली की खिळा योग्य बाजूने बसला, हे न पाहता समजे. ओळ ठरलेल्या मापाची भरण्यासाठी शब्दांमधील जागा कमीअधिक करावी लागे, आणि त्यातूनच शब्दांतील अंतर सारखे दिसणे हे सौंदर्याचे नव्हे तर वाचनाच्या सोयीचे काम आहे, हे उमगे. मात्रांचे व उकारांचे थर असल्याने दोन ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा अधिक अवकाश लागतो, म्हणून शिशाची पट्टी किती जाडीची घालावी, हा विचार येई. सांधा सैल राहिला तर छापील शब्दाची शिरोरेखा तुटक दिसे. खिळ्याबाहेर डोकावणारी नाजूक मात्रा दाबाखाली मोडे आणि ‘मेले’चे ‘मेल’ होऊन बसे. मुद्रिते तपासणाऱ्या पंडिताचे शिव्याशाप मात्र जुळाऱ्याच्या वाट्याला येत.

विसाव्या शतकात हा भार हलका करण्याचे प्रयत्न झाले. लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या घटविण्याची तजवीज मांडली, सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी (अि, अी, अु, अू) पुरस्कारिली, लायनोटाइप यंत्राच्या नव्वद कळांत नागरी बसविण्याच्या खटपटी झाल्या, आणि १९५३ साली लखनौच्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचा ठराव केला, जो लोकांनी अल्पकाळातच झुगारून दिला. यंत्राच्या सोयीसाठी लिपीने किती वाकावे, याची मर्यादा वाचकच ठरवितात, आणि माझ्या मते त्यांनी ती योग्य ठरविली. कारण संगणक आल्यावर तो भारच नाहीसा झाला, आणि लिपी मात्र शाबूत राहिली होती.

मुंबईच्या या शाळेचा एक ठसा आजही डोळ्यांसमोर आहे. ‘अ’, ‘झ’ आणि ‘ण’ यांची मुंबई वळणाची रूपे पुढे हिंदीनेही प्रमाण म्हणून स्वीकारली. ‘ल’ आणि ‘श’ यांच्या बाबतीत मात्र उत्तरेचे वळण निराळेच राहिले, आणि संगणकावरील अनेक देवनागरी टंकांत तेच आपोआप उमटते. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हेच मराठीचे प्रमाण रूप होय, असे महाराष्ट्र शासनाला २००९ साली निर्णय काढून सांगावे लागले. ज्यांना मुद्राक्षरविद्येचा श्रीगणेशा करावयाचा आहे, त्यांनी नवा टंक निवडण्यापूर्वी त्यातली ही दोन अक्षरे तेवढी आधी पाहावीत, आणि जमल्यास निर्णयसागरचे एखादे जुने पुस्तक शेजारी उघडून ठेवावे.