शुद्धतेच्या बदलत्या व्याख्या : रंगपरीक्षणाच्या साधनांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

धान्य मुठीत घेऊन पारखता येते, कापड ताणून पाहता येते. डब्यातील रंगाची पारख मात्र तो लावून काही वर्षे उलटल्याशिवाय होत नाही. ग्राहकाच्या या अगतिकतेतूनच रंग, लेप व छपाईची शाई यांच्या परीक्षणाचे शास्त्र आकारास आले. या साधनांचा इतिहास बहुधा तांत्रिक प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तथापि कोणते साधन केव्हा पुढे आले हे पाहू गेल्यास त्यामागे समाजाने त्या त्या काळी विचारलेला प्रश्न उभा असल्याचे दिसते. प्रस्तुत निबंधात या दृष्टीने अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्याच्या रंगविषयक कायद्यापासून भारतातील २०१६ च्या नियमांपर्यंतच्या प्रवासाचा परामर्श घेण्यात आला आहे.

नॉर्थ डकोटाचा कायदा

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रंगारी स्वतःच जवसाच्या तेलात सफेता, म्हणजे शिशाचा कार्बोनेट, घोटून रंग तयार करीत असे. पुढे तयार रंगाचे डबे बाजारात आले आणि त्यात नेमके काय आहे हे फक्त कारखानदारालाच ठाऊक राहिले. सफेत्याच्या जागी बेराइट, खडूची भुकटी, चिनी माती आणि तेलाच्या जागी पाणी मिसळणे सोपे झाले. लाकडी घरे व कोठारे रंगवून त्यांचे हवेपासून रक्षण करणाऱ्या शेतकऱ्यास याची झळ बसत होती.

फार्गो येथील कृषी महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक एडविन लॅड यांनी भेसळयुक्त अन्नाबरोबरच रंगाकडेही लक्ष वळविले. १९०५ मध्ये नॉर्थ डकोटात कायदा संमत झाला. जवसाचे शुद्ध तेल, सफेता, जस्ताचे ऑक्साइड, टर्पेंटाइन, शुष्कक व शुद्ध रंगद्रव्ये यांखेरीज अन्य काही मिश्र रंगात असल्यास ते डब्यावर छापणे बंधनकारक ठरले. शिकागोच्या हीथ अँड मिलिगन या कंपनीने या कायद्यास आव्हान दिले. परंतु डिसेंबर १९०७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला.

या लढ्यातील साधने साधीच होती : तराजू, परीक्षानळी, ऊर्ध्वपातनाचे पात्र आणि आम्ल. सौम्य नायट्रिक आम्लात सफेता फसफसून विरघळतो, बेराइट तळाशी तसाच उरतो. तो गाळून, वाळवून तोलला की भेसळीचे प्रमाण आकड्यात मांडता येते. पूर्वी रंगाऱ्याच्या अनुभवावर सोपविलेला प्रश्न अशा रीतीने न्यायालयापुढे पुरावा म्हणून मांडण्याजोगा झाला.

कुंपणाची साक्ष

कारखानदारांचे म्हणणे मात्र निराळे होते. घटक ओळखले म्हणजे रंगाचा गुण कळत नाही, असा त्यांचा दावा होता. त्याचा निवाडा करण्यासाठी फार्गो येथे आणि पुढे अटलांटिक सिटी व पिट्सबर्ग येथे लाकडी कुंपणे उभारून त्यांच्या फळ्यांवर निरनिराळी मिश्रणे लावण्यात आली. या प्रयोगांशी हेन्री गार्डनर या तरुण रसायनशास्त्रज्ञाचे नाव निगडित आहे. काही वर्षांच्या ऊन-पावसानंतर नुसत्या सफेत्याचा लेप खडूसारखा भुकटी होऊन सुटत असल्याचे दिसले. उलट जस्ताचे ऑक्साइड व मर्यादित प्रमाणात निष्क्रिय खनिजे असलेली मिश्रणे अधिक टिकली. प्रयोगशाळेने भेसळ ठरविलेला पदार्थ योग्य प्रमाणात उपकारक ठरू शकतो, ही कुंपणाची साक्ष होती. अर्थात यामुळे कायद्याचे प्रयोजन संपले नाही. ग्राहकापासून घटक लपविण्याचे समर्थन त्यातून होत नव्हते.

येथून ‘रंगात काय आहे’ या प्रश्नासोबत ‘रंग कसा वागतो’ हा प्रश्न आला आणि त्याने नव्या उपकरणांना जन्म दिला. तळाशी छिद्र असलेल्या फोर्ड कपातून रंग रिकामा होण्यास लागणारे सेकंद मोजून त्याचा प्रवाहीपणा ठरविला जाऊ लागला. हेगमन मापकाच्या पोलादी ठोकळ्यावर उतरत्या खोलीची खाच असते. तीत रंग किंवा शाई ओढली की ज्या खोलीपाशी कण उघडे पडतात त्यावरून घोटाईचा बारीकपणा कळतो. वाळलेल्या लेपावर डोलणारा लंबक किती लवकर मंदावतो यावरून कठीणपणा आणि चौकडीचे छेद देऊन चिकटपट्टी ओढल्यावर किती चौकटी सुटतात यावरून पकड मोजली जाते.

टिकाऊपणासाठी वर्षानुवर्षे थांबणे उद्योगास परवडणारे नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कार्बन कमानीच्या दिव्याखाली कृत्रिम ऊन देणारी यंत्रे आली. मिठाच्या फवाऱ्याची चाचणी १९३९ मध्ये अमेरिकेत प्रमाणित झाली. तरीही बंद पेटीतील तास आणि उघड्यावरील वर्षे यांचे गणित सर्वत्र जुळत नाही. म्हणूनच फ्लोरिडा व ॲरिझोना येथे उघड्यावर फलक मांडून परीक्षण करण्याची पद्धत टिकून आहे.

न विचारलेला प्रश्न

शुद्धता आणि टिकाऊपणा यांच्या या चर्चेत एक प्रश्न मागे राहिला होता. नॉर्थ डकोटाचा कायदा होण्याच्या एकच वर्ष आधी, १९०४ मध्ये, ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे डॉक्टर जे. लॉकहार्ट गिब्सन यांनी लहान मुलांमधील शिशाच्या विषबाधेचा संबंध घरांच्या व व्हरांड्याच्या कठड्यांवरील रंगाशी जोडला होता. म्हणजे एका खंडात जो पदार्थ शुद्धतेची खूण मानला गेला, तोच दुसऱ्या खंडात रोगाचे कारण म्हणून ओळखला जात होता. लॅड यांची चाचणी चुकीची नव्हती. शिसे किती आहे हे ती सांगत होती. ते असावे की नसावे, हे आम्ल सांगू शकत नव्हते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९२१ मध्ये इमारतींच्या अंतर्भागात सफेत्याच्या वापरावर निर्बंध घालणारा करार संमत केला. अमेरिकेत ग्राहकोपयोगी रंगातील शिशावर देशव्यापी बंदी येण्यास मात्र १९७८ साल उजाडावे लागले. दरम्यान ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या अणुशोषण वर्णपटमापनाच्या पद्धतीमुळे धातूंचे अत्यल्प प्रमाण मोजणे सुलभ झाले. भारतात २०१६ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरविली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ती लागू झाली. एका किलोग्रॅम रंगात ९० मिलिग्रॅम शिसे, एवढी ही सूक्ष्म मर्यादा आहे. औद्योगिक वापराचे रंग तिच्या कक्षेत घेण्यात आले नाहीत.

निष्कर्ष

रंगपरीक्षणाच्या इतिहासात तीन प्रश्न क्रमाने पुढे आलेले दिसतात : रंग शुद्ध आहे काय, तो टिकतो काय आणि तो निर्धोक आहे काय. पहिला शेतकऱ्यांच्या तक्रारीतून आला, दुसरा उद्योगाच्या गरजेतून आणि तिसरा बालकांच्या आजारातून. १९०५ मध्ये ज्या शिशामुळे रंग शुद्ध ठरत होता, त्याच शिशामुळे २०१७ नंतर भारतात घरगुती रंग बाजारात येण्यास अपात्र ठरतो. मोजमापाची अचूकता या काळात अनेक पटींनी वाढली, परंतु काय मोजावयाचे याचा निर्णय प्रत्येक वेळी प्रयोगशाळेच्या बाहेरच झाला. उपकरणांच्या इतिहासाचा अभ्यास केवळ तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुरता मर्यादित न राहता सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकांनीही हाती घ्यावा, याचे कारण येथे सापडते.