निवाडा, निषेध आणि गावठाण

अवघड इंग्रजी शब्द अर्थासह पाठ करण्याचा आपल्या समाजाचा उद्योग आता दोनशे वर्षांच्या घरात आला आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' सुरू केले, तेव्हा एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारी मराठी अशी त्याची रचना ठेवली. त्याच्या आदल्याच वर्षी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला होता. पण तो मुख्यतः साहेबाच्या सोयीचा. इंग्रजी शब्दाचा अर्थ मराठीतून सांगणारा मोठा कोश मोल्सवर्थने आरंभिला आणि कँडीने पुरा केला, तो १८४७ साली. पुढे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले, परीक्षा आल्या, आणि शब्दाचे मोल गुणांत मोजले जाऊ लागले. तेव्हापासून शब्दांच्या याद्या करणे, त्या घोकणे आणि परीक्षेनंतर विसरणे हा क्रम अव्याहत चालू आहे.

हा इतिहास बहुधा शाळेच्या बाजूने सांगतात. आम्हांस त्याची दुसरी बाजू अधिक मोलाची वाटते, आणि ती पाहण्यास आपल्याला फार दूर जावयास नको. आज ज्या भूमीवर हे नवे शहर उभे आहे, तेथेच काही इंग्रजी शब्द लोकांनी फार महाग किंमत देऊन शिकले.

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यावयाची ठरली. ही गावे प्रामुख्याने आगरी-कोळ्यांची; भातशेती, मिठागरे आणि मासेमारी हा त्यांचा संसार. जमीन घेण्याचा कायदा मात्र १८९४ चा, इंग्रजी अमदानीत इंग्रजीतच लिहिलेला. त्यातले शब्द मोठे फसवे होते. 'अॅवॉर्ड' म्हणजे काय, असे शाळेतल्या मुलास विचारा; तो तत्काळ 'बक्षीस' म्हणेल. भूसंपादनाच्या कायद्यात त्याचा अर्थ निवाडा. जमीन किती, तिची भरपाई किती आणि ती कोणास द्यावयाची, हे अधिकारी ज्यात ठरवतो तो कागद. जमीन जाते आहे आणि वर 'अॅवॉर्ड' मिळतो आहे, यातील विपर्यास कोशात सापडत नाही. 'संपादन' या आमच्या शब्दाचीही तीच गत. विद्या संपादन करावी, यश संपादन करावे, हे आपण ऐकत आलो. शेतकऱ्याची जमीन 'संपादन' होते तेव्हा मिळवणारा दुसराच असतो.

सर्वांत अधिक महत्त्वाचा शब्द 'प्रोटेस्ट'. आपण त्याचा अर्थ निषेध असा शिकतो आणि डोळ्यांसमोर मोर्चा आणतो. त्या कायद्याच्या कलम ३१ मध्ये मात्र तो अगदी शांतपणे बसला होता. भरपाईची रक्कम ज्याने हरकत नोंदवून घेतली, त्यालाच ती वाढवून मागण्यासाठी कलम १८ खाली न्यायालयाकडे प्रकरण पाठवा असा अर्ज करता येई. ज्याने हरकत न नोंदवता पैसे उचलले, त्याचा हा मार्ग बंद. शिवाय अर्जाला मुदत. निवाड्याच्या वेळी जो हजर असेल, त्याला अवघे सहा आठवडे. घरात लग्न काढलेले, किंवा सावकार दारात उभा, आणि समोर पैसे मोजून ठेवलेले. अशा वेळी 'प्रोटेस्ट'चा कायद्यातला अर्थ जाणणारा माणूस शेजारी असणे आणि नसणे यांत किती अंतर पडत असेल, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

'सोलेशियम' हा शब्द तर थेट लॅटिनमधला. मूळ अर्थ सांत्वन; मराठीत आपण 'दिलासा रक्कम' म्हणतो. मालकाची इच्छा नसता जमीन घेतली, म्हणून बाजारभावावर द्यावयाची ही जादा रक्कम. गंमत अशी की १८९४ च्या कायद्यातील त्या कलमात हा शब्दच नव्हता; तो न्यायालयांच्या भाषेत रुळला. हे सांत्वन प्रथम शेकडा १५ होते, १९८४ च्या दुरुस्तीने ३० झाले, आणि २०१३ च्या नव्या कायद्यात, आता नावानिशी, शेकडा १०० ठरले. एकाच शब्दाचा अर्थ शंभर-सव्वाशे वर्षांत असा वाढत गेला. तो कोशकारांनी वाढवला नाही, हे सांगावयास नकोच.

त्याच १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जण मृत्युमुखी पडले. आंदोलनाचे नेते दि. बा. पाटील हे जासईचे शेतकरीपुत्र आणि वकील. कायद्याची इंग्रजी आणि गावची बोली या दोहोंत वावरणारा असा माणूस त्या लढ्याला लाभला, ही आमच्या मते लहान गोष्ट नव्हे. संपादित जमिनीच्या मोबदल्यात विकसित भूखंड देण्याची योजना पुढे आली, तिला लोक नुसते 'साडेबारा टक्के' म्हणतात. एवढा मोठा लढा एका अपूर्णांकात मावला.

शहर वसल्यावर आलेले शब्द त्या मानाने सौम्य. वाशी, नेरूळ, ऐरोली यांना नगररचनाकारांनी 'नोड' म्हटले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ गाठ. वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकात त्यालाच 'पेर' म्हणतात, आणि दोन पेरांमधले ते कांडे. उसाचे टिपरे हातात घेतलेल्या माणसास ही सारी नगररचना एका दमात समजली असती; पण आपण 'नोड'च म्हणत राहिलो.

शब्दांची ही देवघेव मात्र एकाच बाजूने झालेली नाही. साहेबाला येथील जमीनमहसुलाचे शब्द कळेनात, म्हणून विल्सनने १८५५ साली हिंदुस्थानातील न्याय व महसुलाच्या शब्दांचा एक जाडजूड कोश लंडनमध्ये छापविला. 'मुंगूस' तर आपल्या रानातून थेट इंग्रजी कोशात जाऊन बसले. आणि सिडकोच्या इंग्रजी कागदांतही गावाच्या वस्तीच्या जागेला प्रतिशब्द मिळालेला नाही; रोमन अक्षरांत का होईना, तेथे 'गावठाण' असेच लिहितात.