बिनहुकमीनंतरचे तोकडे पान

१९४५ साली सॅम स्टेमनने ‘ब्रिज वर्ल्ड’मध्ये मांडलेली दोन किलवरची बोली मूळची त्याचा भिडू जॉर्ज रपे याची, नाव मात्र मांडणाऱ्याचेच राहिले. तिने इस्पिक-बदामाची चार पाने विचारता आली. १९५६ मध्ये ऑस्वल्ड जेकोबीच्या ट्रान्सफरने पाच दाखवता आली. दोन्ही लांबीच्या भाषा. पण एक बिनहुकूम बोलणाऱ्यासमोर किलवर-चौकट लांब आणि बदामाचे एकच पान असले, तर तीन बिनहुकमीत प्रतिपक्ष बदामाचेच पाच हात ओढून मोकळा होतो.

तोकडेपणा सांगण्याची कल्पना १९६०च्या दशकात डोरोथी हेडन आणि डेव्हिड क्लिफ यांच्या स्प्लिंटरने रुजवली. त्याच वळणाने बिनहुकमीवरही काही जण तोकडा रंगच तीनवर बोलतात. ते लक्षात ठेवायला सोपे, आणि रात्री अकराच्या डावाला हेही थोडे नाही! पण प्रतिस्पर्धी डबल देऊन भिडूला नेमकी तीच उतारी सुचवतो. दुसरा पक्ष तीन पानांचा मोठा रंग बोलतो. मला तो पटतो. डबलचे फावत नाही, आणि उघडणाऱ्याकडे त्या रंगाची पाच पाने असली तर तो सरळ चार बोलतो. एरवी तोकड्या रंगात त्याचे राजा-राणी-गुलाम असले तर तीन बिनहुकूम. तीन फुटकळ पाने असली तर पाच किलवर.