चष्म्याची मापे व जुळणी (धाराशिव जिल्हा)

चष्म्याची मापे व जुळणी : नेत्रतपासणीत ठरलेला नंबर रुग्णाच्या चेहऱ्यावर यथास्थित उतरावा म्हणून दोन बाहुल्यांमधील अंतर मोजणे, फ्रेम निवडणे, भिंगाचा मध्य बाहुलीसमोर आणणे आणि तयार चष्मा नाकाकानांवर नीट बसवून देणे, या क्रियांचा समुच्चय. नंबर काढण्याचे काम नेत्रतज्ज्ञाचे अथवा दृष्टिमितिज्ञाचे आणि ते यापासून निराळे. तथापि नंबर बिनचूक असूनही डोके दुखते, जमीन वरखाली भासते, अशा ज्या कैफियती घेऊन रुग्ण परत येतात, त्यांचे मूळ पुष्कळदा या दुसऱ्या कामातील हयगयीत असते.

पार्श्वभूमी : उस्मानाबाद या नावाने दीर्घकाळ ओळखला गेलेला हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखाली होता, १९५६ मध्ये हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला आणि १९८२ मध्ये त्यातून लातूर जिल्हा वेगळा निघाला. आजच्या आठ तालुक्यांचा हा मुलूख प्राधान्याने शेतीचा आहे. १९७६ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या कक्षेत मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांबरोबर शाळकरी मुलांची नेत्रतपासणी व मोफत चष्मेवाटपही आले आणि शासकीय रुग्णालयांतील नेत्र चिकित्सा अधिकारी हे या कामातील एक महत्त्वाचे पद ठरले.

प्रशिक्षण : या विद्येच्या दोन वाटा आहेत. पहिली उमेदवारीची, तीत शिकाऊ मुलगा दुकानातील जाणत्या कारागिराच्या हाताखाली प्रथम स्क्रू बदलणे व नाकाच्या गाद्या बसवणे, मग फ्रेमच्या आकाराबरहुकूम काच घासणे आणि सरतेशेवटी माप घेणे, अशा क्रमाने हुन्नर हस्तगत करतो. दुसरी वाट विद्यालयीन. दृष्टिमितीचा पदवी अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातील अखेरचे वर्ष प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यसेवेशी संलग्न अशा ज्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली, त्यांत दृष्टिमितीचाही अंतर्भाव आहे.

मापन : बाहुल्यांमधील अंतरास व्यवहारात ‘पीडी’ म्हणतात, प्रौढांत ते बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटर असते. साधी मोजपट्टी घेऊन हे माप काढावयाचे तर परीक्षकाने रुग्णासमोर हातभर अंतरावर, डोळ्यांच्या समपातळीत बसून, आपला उजवा डोळा मिटून डाव्याकडे पाहावयास सांगावे व पट्टीचे शून्य रुग्णाच्या उजव्या बाहुलीशी जुळवावे. मग पट्टी यत्किंचितही न हलवता डावा मिटून उजवा उघडावा आणि रुग्णाच्या डाव्या बाहुलीसमोरचा आकडा वाचावा. वाचनाच्या चष्म्यासाठी हे अंतर सुमारे ३ ते ४ मिलिमीटरने कमी धरतात.

फ्रेमच्या काडीवर ५२–१८ असे आकडे असल्यास पहिला एका काचेची रुंदी व दुसरा नाकावरील अंतर दर्शवितो. दोहोंची बेरीज ७०. रुग्णाची पीडी ६२ असेल, तर प्रत्येक भिंगाचा मध्य ४ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो. तो न सरकविल्यास उणे ५ नंबराच्या प्रत्येक काचेत २ प्रिझम इतका अनावश्यक प्रकाशविचलनाचा दोष शिरतो आणि दोन्ही डोळ्यांना बाहेरच्या बाजूस वळण्याचा ताण सोसावा लागतो. कारण विचलन म्हणजे सेंटिमीटरमधील सरक व नंबर यांचा गुणाकार, हा प्रेंटिसचा नियम. म्हणून घासलेली काच फ्रेममध्ये बसविल्यावर लेन्सोमीटरखाली तिचा नंबर, अक्ष व मध्य पुन्हा पडताळणे हा शिकाऊ उमेदवाराचा नित्य पाठ असतो.

जुळणी : चष्मा प्रथम समोरून, मग बाजूने व शेवटी वरून पाहावा. उजवी काच उंच दिसत असेल तर उजवी काडी वर वाकवावी, म्हणजे ती बाजू खाली येते. उजवी काच चेहऱ्याच्या अधिक जवळ असेल तर उजवी काडी आत घ्यावी, म्हणजे ती दूर होते. हे दोन्ही नियम नवशिक्यास उलटे भासतात, म्हणून ते जुन्या फ्रेमींवर हाताने घोटवून घेतात. प्लास्टिकची फ्रेम तापविल्याखेरीज वाकवू नये. काचेची खालची कड गालाकडे साधारणतः ८ ते १२ अंश कललेली असावी. आणि ४ च्या पुढील नंबरास डोळ्यापासून काचेचे अंतरही जपावे लागते, कारण ते बदलताच नंबराचा प्रत्यक्ष परिणाम बदलतो.

स्थानिक उपयोजन : चाळिशीचा नंबर केवळ वयावरून देणे या जिल्ह्यात विशेष गैरसोयीचे ठरते, मांडी घालून मांडीवरची पोथी वाचणारा वृद्ध, सुपात ज्वारी निवडणारी गृहिणी आणि टेबलाशी बसून दप्तर तपासणारा कारकून यांचे कामाचे अंतर एक नसते, म्हणून ते विचारून व मोजून घ्यावे. दुहेरी काचेचा जवळचा भाग सामान्यतः खालच्या पापणीच्या कडेशी आणतात. परंतु शेताच्या बांधावरून दिवसभर चालणाऱ्याला पायाखालची वाट त्यातूनच धूसर दिसू लागते, आणि तुळजाभवानीच्या मंदिरात तर पायऱ्या उतरूनच प्रवेश करावा लागत असल्याने ही अडचण तेथे जाणाऱ्या वयस्क भाविकास प्रकर्षाने जाणवते. अशांसाठी तो भाग किंचित खाली ठेवतात आणि पायरी उतरताना मान लवविण्याची समज देतात.

तपासणीच्या चिठ्ठीवर नंबराशेजारी पीडीचीही नोंद असणे इष्ट होय. चष्मा परगावी तयार होऊन येत असेल, तर ती नोंद अपरिहार्यच मानली पाहिजे. रुग्णानेही ती मागून घ्यावी.