बहात्तरावे घर

१८६९ साली मेंडेलीव्ह यांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये मूलद्रव्यांचा एकपानी तक्ता छापून घेतला. त्यातल्या एका आडव्या ओळीत टायटॅनियम = ५०, झिर्कोनियम = ९० असे आहे. तिसऱ्या जागी नावच नाही. नुसते प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे १८०. हे आकडे अणुभारांचे. टायटॅनियम आणि झिर्कोनियम यांच्या घराण्यात सुमारे १८० अणुभाराचा आणखी एक भाऊ असला पाहिजे आणि तो अजून हाती लागलेला नाही, एवढाच त्या ओळीचा अर्थ. आज त्या जागी हाफ्नियम बसते. त्याचा अणुभार १७८.५ आहे.

या प्रश्नचिन्हाकडे मुद्दाम लक्ष वेधण्याचे कारण असे, की याच मूलद्रव्याची हकीकत एरवी निराळ्या तऱ्हेने सांगितली जाते. नील्स बोर यांनी अणूच्या रचनेचा सिद्धांत मांडला, त्यातून ७२ क्रमांकाचे मूलद्रव्य झिर्कोनियमसारखे असणार हे गणिताने काढले, मग ते शोधले आणि सापडले. कार्ल पॉपर यांच्यासारख्या तत्त्वज्ञाने हा क्षण रसायनशास्त्र अणुभौतिकीत सामावले गेल्याचा क्षण मानला. रसायनशास्त्राला स्वतःचा पाया आहे, की ते मुळात भौतिकशास्त्रच आहे, या वादात हाफ्नियम असे साक्षीदार म्हणून उभे केले जाते.

साक्षीदाराची उलटतपासणी व्हायला हवी. वि. का. राजवाडे यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला. बखर सांगते ते आणि तारखेचा अस्सल कागद सांगतो ते, यांत कशाला किती वजन द्यायचे, हे आपण त्या परंपरेकडून शिकलो. हाफ्नियमचे कागद सुदैवाने उपलब्ध आहेत.

पहिला कागद रदरफर्ड यांनी बोर यांना लिहिलेल्या पत्राचा, सप्टेंबर १९२१चा. त्या वर्षी बोर यांनी ‘नेचर’मध्ये दोन पत्रे छापून मूलद्रव्यांमधली इलेक्ट्रॉनची मांडणी जाहीर केली होती. आकडे होते, पण ते कसे काढले ते नव्हते. रदरफर्ड विचारतात : इलेक्ट्रॉनची ही कडी तुम्ही तुमच्या अनुरूपता तत्त्वावरून ठरवता, की त्यासाठी रसायनातल्या माहितीचा आधार घ्यावा लागतो? सगळ्यांना हेच जाणून घ्यायचे आहे, असेही ते कळवतात. पुढे तत्त्वज्ञांनी ज्या प्रश्नावर पुस्तके लिहिली, तो प्रश्न इथे एका मित्राने दुसऱ्याला साध्या शब्दांत विचारला आहे.

त्याच वर्षी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात चार्ल्स बरी या वेल्समधल्या रसायनशास्त्रज्ञाचा एक लेख आला. बरी यांच्यापाशी बोर यांचे गणित नव्हते. मूलद्रव्यांचे रासायनिक वागणे होते. तेवढ्यावर त्यांनी ७२व्या मूलद्रव्याची मांडणी २, ८, १८, ३२, ८, ४ अशी दिली आणि ते झिर्कोनियमसारखे असेल असे लिहिले. बाहेरचे चार इलेक्ट्रॉन म्हणजे संयुजा चार. हा तर्क इतका सरळ आहे की तो शाळेच्या फळ्यावर मांडता येतो. ७१वे लुटेशियम, त्याची संयुजा तीन. ७३वे टँटॅलम, त्याची पाच. मधल्या घरात चार येणार. हे सांगायला पुंजसिद्धांताची गरज नाही. खुद्द कोपनहेगनमध्ये युलियुस थॉमसेन या रसायनशास्त्रज्ञाने १८९५ सालीच मूलद्रव्यांचा जो तक्ता केला होता, त्याचाच साचा बोर यांनी पुढे वापरला.

आता सर्वांत बोलका कागद. मे १९२२ मध्ये पॅरिसला भौतिकशास्त्रज्ञ दोव्हिलिए यांनी रसायनशास्त्रज्ञ उर्बें यांच्या नमुन्याचा क्ष-किरण वर्णपट घेतला आणि त्यात दोन अंधूक रेषा पाहिल्या. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांत आपल्याला ‘सेल्टियम’ सापडल्याचे उर्बें १९११ पासून सांगत होते. या रेषा ७२व्याच्या, म्हणजे सेल्टियम हेच ७२वे आणि ते दुर्मीळ मृदांपैकी, झिर्कोनियमच्या घराण्यातले नव्हे, असे दोघांनी जाहीर केले. जूनमध्ये रदरफर्ड यांनीही ‘नेचर’मध्ये त्याचे स्वागत केले. बोर नुकतेच ग्योटिंगेनमध्ये व्याख्यानमाला देऊन परतले होते. जुलैमध्ये त्यांनी जेम्स फ्रांक यांना लिहिले की व्याख्यानांतले काही निष्कर्ष चुकीचे ठरले आहेत, आणि त्यांत पहिला ७२व्या मूलद्रव्याचा : ते अपेक्षेविरुद्ध दुर्मीळ मृदाच निघाले.

हे पत्र मी निर्णायक मानतो. सिद्धांतातून जे अटळपणे निघते ते दोन फिकट रेषांपुढे काही आठवड्यांत कोणी सोडत नाही. आधी त्या रेषा तपासतो. बोर यांनी सोडले, कारण त्यांचा निष्कर्ष निगमनाने आलेला नव्हता. वर्णपट, अणुक्रमांक, संयुजा, आवर्तसारणीतले शेजारी हे सारे एकत्र पाहून त्यांनी बांधलेला तो एक सुरेख अंदाज होता. त्यांचे सहकारी क्रामर्स यांनी १९३५ साली हेच सांगितले : बोर यांच्यापाशी न छापलेली पुष्कळ गणिते असतील असे परदेशी भौतिकशास्त्रज्ञ समजत, पण तशी ती नव्हती, भौतिक आणि रासायनिक माहितीचा तो अलौकिक दृष्टीने साधलेला मेळ होता. ही आठवण बऱ्याच वर्षांनंतरची आहे, म्हणून एकटी असती तर तिला जपूनच घेतले असते. १९२२चे पत्र तिला दुजोरा देते.

पुढचा भाग प्रसिद्ध आहे. स्टॉकहोमला ११ डिसेंबर १९२२ रोजी बोर नोबेल व्याख्यान देणार, त्याच सुमारास कोपनहेगनहून त्यांचे सहकारी कोस्टर यांनी टेलिफोनवरून शोध पक्का झाल्याचे कळवले, असे सांगतात. टेलिफोनचा कागद उरत नाही. पण छापील व्याख्यानाच्या शेवटी बोर यांनी ही बातमी दिलेली आहे. २० जानेवारी १९२३च्या ‘नेचर’मध्ये कोस्टर आणि हेवेशी यांचे पत्र आले. त्यांनी नॉर्वेचे झिर्कोनियमयुक्त खनिज घेतले होते आणि दोनऐवजी सहा रेषा मोजल्या होत्या. दोव्हिलिए यांच्या रेषा या मापांपासून सुमारे चार एक्स-युनिट सरकलेल्या होत्या. एक एक्स-युनिट म्हणजे मिलिमीटरचा हजार कोटीवा भाग. एवढ्या फरकावर एका मूलद्रव्याचे घराणे ठरले. नाव दिले हाफ्नियम, हाफ्निया या कोपनहेगनच्या लॅटिन नावावरून.

इथे दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. झिर्कोनियम क्लाप्रोथ यांनी १७८९ साली ओळखले. तेव्हापासून १३३ वर्षे हाफ्नियम त्यात मिसळलेलेच होते आणि रसायनशास्त्रज्ञांच्या हातून रोज जात होते. दोघांचे रासायनिक वागणे इतके सारखे की एकाही परीक्षानळीत ते वेगळे दिसले नाही. ओळख पटली ती वर्णपटाच्या रेषांवरून मूलद्रव्य ओळखण्याच्या मोस्ली यांच्या क्ष-किरण पद्धतीमुळे, म्हणजे भौतिकशास्त्राच्या उपकरणामुळे. आजही तारापूरसारख्या अणुवीज केंद्रात इंधनाच्या नळ्यांसाठी झिर्कोनियमचा मिश्रधातू वापरतात, तेव्हा त्यातून हाफ्नियम आधी काटेकोरपणे काढावे लागते. रसायनाला जवळजवळ एकरूप वाटणाऱ्या या दोन भावांपैकी झिर्कोनियम न्यूट्रॉनला वाट देते, हाफ्नियम त्याला गिळते.

१९२५ मध्ये पाउली यांच्या अपवर्जन तत्त्वाने २, ८, १८, ३२ या आकड्यांचे कारण दिले. पण इलेक्ट्रॉन कवचे कोणत्या क्रमाने भरतात, हे त्या तत्त्वातून आपोआप निघत नाही. ते आकडे रसायनशास्त्रज्ञांच्या तक्त्यात मात्र आधीपासून ओळींच्या लांबीच्या रूपाने होते.

म्हणून माझा निवाडा असा : रसायनशास्त्र भौतिकशास्त्रात विरघळले, याचा पुरावा म्हणून हाफ्नियमला उभे करता येत नाही. कोठे शोधायचे हे रसायनाने सुचवले, बोर यांनी त्याला अणूच्या रचनेत जागा दिली, आणि सापडले ते हेच, हे क्ष-किरणांनी सांगितले. आवर्तसारणी शिकवणाऱ्या शिक्षकांना एवढीच विनंती, की बोर यांचे नाव फळ्यावर लिहाल तेव्हा त्याशेजारी १८६९चे ते प्रश्नचिन्ह आणि १८० हा आकडाही लिहा.